दिवेबुवाची सोळा पानं

८ फेब्रुवारी

प्रिय दाभण,

हे पाकीट तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. तुझ्या नव्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या आत्याकडे मागितला, तर म्हणाल्या, "द्या माझ्याकडे, मी घालते टपालात." मी म्हटलं, राहू दे. पाणीपुरवठ्याची कचेरी काही रातोरात उठून दुसरीकडे जात नाही.

काळजीचं काही नाही. मी बरी आहे. पुस्तकबांधणीचा कारखाना चालू आहे. पत्र एका पुस्तकाबद्दल आहे, बाकी कशाबद्दल नाही.

आपली ती जाडजूड कादंबरी आठवते? लाकडाची वखार, दोन भाऊ, एक माडीवर राहतो, एक खाली. बाप गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. आणि रोज संध्याकाळी दोन्ही मजल्यांवर दिवे लावत फिरणारा तो नोकर. पुस्तकात त्याला चांगलं भारदस्त नाव आहे, पण आपल्या घरात तो दिवेबुवाच होता. नाव तुझ्या बाबांनी पाडलं होतं, तुझंही त्यांनीच पाडलं. प्रश्न विचारून विचारून टोचतेस म्हणून दाभण.

ती प्रत आपल्याकडे का राहिली, तेही आठवत असेल. बांधताना अकरावा फर्मा, ती सोळा पानांची जुडी, दोनदा शिवला गेला आणि बारावा राहिला. वाचनालयाने प्रत परत केली. आपल्या हातून झालेली ही एकच चूक, असं बाबा सांगायचे. बाकीच्या सगळ्या म्हणे माझ्या. तू लहानपणी ती सोळा पानं दोनदा वाचून त्यांच्याकडे गेलीस आणि म्हणालीस, "मधलं कुठाय?" ते म्हणाले, "मनाने लाव."

आपण मनाने लावलं. अकराव्या फर्म्यात दिवेबुवा दाराशी उभा आहे आणि कोणी त्याला बस म्हणत नाही. तेराव्यात तो आत येतो आणि दोन्ही मालक आपापल्या मजल्यावर उठून उभे राहतात. मधे काय झालं असेल? आपण म्हटलं, सेवा केली असेल, दुसरं काय. तू तर शाळेत प्रामाणिक कष्टांवर निबंध लिहिलास, त्यात त्याचा दाखला दिलास आणि बक्षीस आणलंस.

गेल्या आठवड्यात त्याच कादंबरीची नवी आवृत्ती आपल्याकडे बांधायला आली. सुटे फर्मे, गठ्ठेच्या गठ्ठे. हाडाची पट्टी घेऊन घड्या घालत बसले होते, तर बारावा हाताखाली आला. इतक्या वर्षांत पुस्तक बांधून पुरं झाल्याशिवाय मी उघडलेलं नाही, पण तो गठ्ठा मी बाजूला ओढला आणि उभ्या उभ्या वाचला. शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "बाई, पगार घडीचा मिळतो, वाचनाचा नाही." मी म्हटलं, "मालकीण मीच आहे." तर म्हणतात, "म्हणून तर सांगते."

तर ऐक. थोरला भाऊ एका संध्याकाळी दिवा लागताना म्हणतो, "खाली सांग, छप्पर गळतंय. मला एकट्याला कळत नाही, एकदा वर येऊन बघ म्हणावं." दिवेबुवा खाली जातो, तिथली वात कातरतो आणि सांगतो, "छप्पर गळतंय म्हणाले." धाकटा म्हणतो, "माझा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही. सुतार आजच पाठवतो. आणि रात्री खोकल्याचा आवाज येतो, औषध घेतात का विचार." दिवेबुवा वर जातो आणि सांगतो, "येणार नाहीत. सुतार पाठवतील."

सोळा पानं अशीच. माणूस एक शब्द खोटा बोलत नाही. तो थोडक्यात सांगतो, एवढंच. आणि सोळाव्या पानाशी घर त्याचं झालेलं असतं.

हेच सांगायचं होतं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. नातीला काय आवडतं ते मला माहीत नाही, म्हणून नुसता पापा.

तुझी आई


२० फेब्रुवारी

प्रिय दाभण,

उत्तर नाही आलं. चालेल. कादंबरी मी आता पहिल्यापासून वाचते आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

सत्ता मिळवणं दिवेबुवाला जमलं ते कसं, ते कळलं. ती इतकी वर्षं टिकवली कशी, हे जास्त अवघड आहे. मी घड्या घालताना त्याचा विचार करते. बाबा असते तर त्यांच्याशी वाद घातला असता. त्यांच्या स्टुलावर अजून कोणी बसत नाही. मी कोणाला मनाई केलेली नाही, पण नवा माणूससुद्धा उभा राहून जेवतो. तर वाद तुझ्याशी घालते.

पहिली गोष्ट, तो स्वतःसाठी काही मागत नाही. थोरला त्याला माडीवरची खोली देऊ करतो, तो नको म्हणतो. जिन्याखालीच झोपतो. ज्याला काही नको, त्याचा संशय कोण घेणार? दुसरी गोष्ट, तो भांडण भडकूही देत नाही. धाकटा चिडून कोर्टात जायला निघाला, की त्या दिवशी निरोप पुरा पोहोचतो, गोड शब्दांसकट. भाऊ नरमले, की पुन्हा अर्धा. वात जेवढी हवी तेवढीच वर. आणि तिसरं सांगते. तो खरोखर राबतो. त्याच्या पायांना सूज येते, जिना चढताना त्याला दम लागतो. मला त्याचा राग यायला हवा, आणि मधेच त्याचे पाय चेपावेसे वाटतात.

आता दुसरं. म्हटलं होतं बाकी कशाबद्दल लिहिणार नाही, पण लिहिते.

तुझ्या आत्या परवा आल्या होत्या. नेहमीसारखी आधी तुझी खबर दिली. नातीला बालवाडीत घातलं, तुम्हाला बरं आहे, नवी जागा हवेशीर आहे. मग फोनवरचा एक फोटो दाखवला आणि मी नीट बघायच्या आत पिशवीत टाकला. तुला आत्याची सवय माहीत आहे. तीस वर्षं शाळेत मुलांना थोडक्यात उत्तरे लिहा म्हणून शिकवलं, आता स्वतःही तसंच बोलतात.

चहा झाल्यावर म्हणाल्या, "वहिनी, खोक्यांचा व्यापारी पुन्हा विचारत होता. जागा त्याला पसंत आहे. तुम्ही किती दिवस त्या मशीनशी झटणार? विका आणि माझ्याकडे या. दोघी राहू."

मी म्हटलं, "विचार करते, वन्सं."

"विचार काय करायचा? लेकीचीही हीच इच्छा आहे."

"ती म्हणाली असं?"

"विकू दे म्हणाली. स्पष्ट."

मी खळीचं भांडं ढवळत राहिले. खळ घट्ट झाली आणि सगळी टाकावी लागली.

व्यापाऱ्याला महिनाअखेर उत्तर हवं आहे. दाभण, तू जर म्हणाली असशील तर मी विकीन. तू इथे कधी येणार नाहीस, तर हा कारखाना मी कोणासाठी उघडा ठेवते आहे, हे मलाही सांगता येणार नाही. पण तू म्हणालीस का? कशी म्हणालीस? आधी काय म्हणालीस आणि नंतर काय? तेवढं मला लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, पण पुऱ्या घाल.

तुझी आई


६ मार्च

प्रिय दाभण,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच, ओळ सोडून वर जाणारं.

महिनाअखेर उलटून गेली. व्यापाऱ्याला मी आणखी थोडे दिवस मागितले, तोंड वाकडं करून दिले त्याने.

तू लिहिलंस ते मी कामाच्या मेजावरच वाचलं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं. आत्याला सांगितलेलं तुझं वाक्य असं होतं: "आईला झेपत नसेल तर विकू दे, पण तिला विचार, मला विचारून काय उपयोग." त्यातलं मला मिळालं "विकू दे." हे मी समजू शकले, हसूही आलं थोडं.

खाली तू दुसरं जे लिहिलंस, ते मात्र मी तिसऱ्यांदाही वाचलं.

बाबांच्या शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्या खोलीत होते. आत फोन नेऊ देत नव्हते. आत्या बाहेर बाकावर बसून सगळ्यांचे फोन घेत होत्या. तू तिला म्हणालीस, "डॉक्टर दोन दिवस हलू देत नाहीत, शुक्रवारी तपासणी झाली की तिथूनच गाडीत बसते. बाबांना सांग, थांबा." मला दारात येऊन सांगितलं गेलं ते एवढं: "तिला आत्ता जमणार नाही."

मी त्यावर काय म्हणाले, तेही आता तुला सांगते. मी म्हणाले, "तिला सांगा, पोटातल्याला जप, धावपळ करून येऊ नकोस. पण फोन त्यांच्या कानाला लावता येतो का बघा, ते सारखं दाभण कुठाय विचारताहेत." तुला मिळालं, "आई म्हणते, येऊ नकोस."

ते तुझं नाव घेत होते. तीन वर्षं हे तुला कोणी सांगितलं नाही. मी समजत होते तुला माहीत आहे, आणि माहीत असूनही तू आली नाहीस. म्हणून नंतर फोनवर मी ते बोलले, तुला बापासाठी सवड नव्हती म्हणून. आणि तू फोन ठेवलास, तो ठेवलासच.

तुझं "थांबा" त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. पोहोचलं असतं तर ते थांबले असते, असं मी म्हणणार नाही. मी जवळ होते. थांबणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं. पण ऐकायला मिळालं असतं त्यांना.

आज एवढंच लिहवतं.

आई


१५ मार्च

प्रिय दाभण,

आत्याशी बोलले. तू लिहिलं होतंस, "तिला सोडू नकोस." तुला हवं होतं तसं काही मी केलेलं नाही, हे आधीच सांगते.

त्या आल्या तेव्हा मी पुस्तकाच्या पाठीला कापड चिकटवत होते. हात सोडता येत नव्हता, म्हणून तसंच बोलले. दोन्ही वाक्यं सांगितली, तुझं आणि माझं, पुरी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी खोटं बोलले का? एक शब्द तरी?"

"नाही."

"मग?"

"अर्धं सांगितलंत, वन्सं."

त्या ताडकन उठल्या. "आत माझा भाऊ जात होता! मी बाकावर बसून फोन घेत होते. डॉक्टरचे, नातेवाइकांचे, औषधवाल्याचे. तेव्हा तुमचे दोघींचे निबंध पाठ करत बसायचं होतं मी?"

गेला तो त्यांचाही माणूस होता. त्या दिवशीचं मी त्यांच्या पदरात घालणार नाही, आणि तूही घालू नयेस असं मला वाटतं. तुझा राग तुझ्याकडे ठेव, मी मागत नाही.

पण मी विचारलं, "आणि त्यानंतरची तीन वर्षं?"

त्या खाली बसल्या. कुठे बसल्या ठाऊक आहे? बाबांच्या स्टुलावर. त्यांना कळलंही नाही. शिलाईवाल्या बाई सुई हातात धरून बघत राहिल्या.

"वहिनी, तुम्ही दोघी समोरासमोर आलात ना, तर दोन मिनिटांत तोंडं फिरवाल. ती तुमच्यासारखी, तुम्ही तिच्यासारख्या. मी होते म्हणून धागा तरी राहिला. ती मला फोन करते, तुम्ही माझी वाट बघता. दर आठवड्याला मला सांगायला काहीतरी असतं." मग, "आता मी कशाला यायचं इकडे?"

"चहाला या."

"चहा माझ्या घरी मिळतो."

आणि गेल्या. जाताना चप्पलसुद्धा नीट घातली नाही.

ती सोळा पानं वाचली तेव्हा मी शोधत होते की दिवेबुवाला हवं तरी काय. वखार नको, खोली नको. त्याला दोन्ही मजल्यांवर कोणीतरी आपली वाट बघायला हवं होतं, दुसरं काही नाही. तुझ्या आत्याचं घर तू पाहिलं आहेस. तीन खोल्या, आणि प्रत्येकीत एकच खुर्ची.

म्हणून मी तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "वन्सं, तुम्ही या. फक्त बातमी आणू नका." त्या म्हणाल्या, "मग बोलायचं काय?" मी म्हटलं, "बघू."

काल आल्या. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघी तशाच बसलो. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "द्या ती पट्टी इकडे." आणि घड्या घालत बसल्या. इतक्या वाकड्या, की त्या गेल्यावर शिलाईवाल्या बाईंनी सगळ्या उलगडून पुन्हा घातल्या. "पुढच्या वेळी यांना चहाच द्या," म्हणाल्या.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. कोणाच्या हाती निरोप दिला नाही, स्वतः त्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "बाई, फोन केला असता तरी चाललं असतं." मी म्हटलं, मला चालून बघायचं होतं.

तुझा फोन नंबर पत्राच्या खाली होता. मी अजून लावलेला नाही. धीर होत नाही. तू लावलास तर मी उचलीन.

आई


३० मार्च

प्रिय दाभण,

काल तू फोन केलास आणि ठेवलास, त्यानंतर मी जेवले नाही. आज जेवले. आता लिहिते.

आपलं बोलणं मी इथे पुन्हा लिहून काढते, कारण मला ते थोडक्यात आठवायचं नाही. आधी दोघी एकदम बोललो. मग तू विचारलंस, "तू तेव्हा बाहेर येऊन फोन स्वतः का घेतला नाहीस? दार उघडलं की फोन होता."

मी म्हटलं, "त्यांनी हात धरला होता."

"आणि नंतरची तीन वर्षं कोणी हात धरला होता?"

मी खरं ते सांगितलं. भीती वाटायची, तू नाही म्हणशील. आत्याकडून आलेलं 'नाही' मला सोसायचं, ते तुझ्या आवाजात नसायचं. त्यातला काही भाग आत्याचा असेल, अशी पळवाट राहायची. तूही पलीकडून म्हणालीस, "माझंही तेच." एवढं एकच वाक्य आपण न भांडता बोललो.

मागून एक बारीक आवाज आला, "कोण आहे?" तू म्हणालीस, "थांब, फोनवर आहे मी." आजी आहे असं म्हणाली नाहीस. मी ऐकलं.

मग मी विचारलं, सुट्टीत येशील का. तू म्हणालीस, "नाही. येणार नाही. बाबा नाहीत, आणि मी आले नाही, हे दोन्ही त्या घरात एकदम बघायची ताकद नाही माझ्यात. अजून तुझा राग आहे, आत्याचाही आहे, माझा सगळ्यात जास्त आहे." आणि फोन ठेवलास.

मी पहिली गोष्ट काय केली सांगू? आत्याचा नंबर काढला. म्हणणार होते, वन्सं, तुम्ही जरा बोलून बघा तिच्याशी, तुमचं ऐकते ती. घंटा वाजायच्या आत बंद केला.

कादंबरीचा शेवट तू आणि मी तुझ्या लहानपणापासून वाचलेला आहे, पण त्याचा अर्थ आपण चुकीचा लावला होता. दिवेबुवा आजारी पडतो. घरात दिवे लागत नाहीत. अंधारात जिन्यावर दोघे भाऊ एकमेकांवर आदळतात, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा एक दुसऱ्याला विचारतो, "लागलं का?" त्या रात्री ते पायरीवर बसून बोलतात. सगळं बाहेर निघतं, छप्पर, गुडघा, खोकला. आणि सकाळी दोघे मिळून दिवेबुवाच्या अंथरुणाशी जातात आणि त्याला म्हणतात, लवकर बरा हो, तुझ्यावाचून आमचं चालत नाही.

आपल्याला वाटायचं, काय माया आहे. माया नव्हती ती. रात्रभर समोरासमोर ऐकावं लागलं, ते त्यांना झेपलं नाही. दिवेबुवाची सत्ता त्याच्याकडे नव्हतीच कधी. दोघे भाऊ ती रोज संध्याकाळी त्याच्या हातात देत होते, कारण स्वतः जिना चढण्यापेक्षा ते सोपं होतं. बरा झाल्यावर तो पुन्हा दिवे लावू लागतो आणि पुस्तक संपतं.

मला ते पुस्तक तसं संपवायचं नाही.

तुझं 'नाही' मला मिळालं. पुरं मिळालं, कारणांसकट, तुझ्या आवाजात. रात्रभर दुखलं. पण त्यात मी काही घालून किंवा काढून बघू शकले नाही, इतकं ते सरळ होतं, आणि सकाळी उठले तेव्हा ते तेवढंच होतं, वाढलं नव्हतं. आत्याकडून आलेलं प्रत्येक 'नाही' रात्रीत वाढायचं.

तू बाबांच्या घरात येऊ शकत नाहीस, हे मला कळलं. मी पुन्हा विचारणार नाही. जेव्हा यावंसं वाटेल तेव्हा दार लोटून आत ये, कळवायचीही गरज नाही.

पण तुझं घर माझ्यासाठी कोणाच्या आठवणीचं नाही. मी ते पाहिलंच नाही. म्हणून दुसरा प्रश्न विचारते, आणि तो कोणाच्या हाती पाठवत नाही.

मी येऊ का? एक दिवसापुरती. राहणार नाही, स्टेशनजवळ उतरण्याची सोय असते, ती बघीन. तू म्हणशील त्या वेळी येईन आणि म्हणशील त्या वेळी उठेन. नातीला मी कोण ते सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.

नाही म्हणायचं असेल तर म्हण. मलाच म्हण. मी फोनजवळ बसलेली नाही, कारखान्यात आहे, पण शिलाईवाल्या बाईंना सांगून ठेवलंय की घंटा वाजली तर उचलायचा मी.

तुझी आई